काळी एकला पाच फ्लॅट

पेटीवाल्याला स्केल काही नवीन नाही. गायक म्हणाला काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी), की तिथे सा धरायचा. बाई गाणार असतील तर काळी चार-पाच. बोटं सरकतात, बिलावल (सगळे शुद्ध स्वर) तोच. त्यामुळे भाची कीबोर्डच्या परीक्षेला बसली आणि तिच्याबरोबर मीही स्टाफ नोटेशन (पाच ओळींवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकू लागलो, तेव्हा मेजर स्केल लगेच पटलं. बिलावल थाट म्हणजेच मेजर. ग-म आणि नि-सा या जोड्या एकमेकींना चिकटलेल्या, बाकी सगळीकडे मध्ये एक पट्टी मोकळी.

गाडी अडली ती 'की सिग्नेचर'पाशी, म्हणजे ओळींच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणांपाशी (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली). स्वर सगळे शुद्ध, मग सुरुवातीच्या क्लेफच्या खुणेशेजारी ही शार्पची रांग कशाला? आमचे सर गोव्याचे, लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकलेले. ते म्हणाले, "अहो, तुमचा सा हलला की रे-ग-मही त्याच्यामागे जातात. आमचे ए-बी-सी जागा सोडत नाहीत."

मग पेटी काढली. पांढरी पाच म्हणजे जी. तिथून बिलावल वाजवला, तर ई म्हणजे ध पर्यंत सगळं पांढऱ्यावर बसतं. नि मात्र पांढरी चारवर बेसूर होतो, काळी तीन घ्यावी लागते. तोच एफ शार्प, आणि तोच जी मेजरचा एकुलता शार्प. जीच्या पंचमावर, म्हणजे डीवर सा नेला, की एफ शार्प राहतो आणि सी शार्पची भर पडते. दर पंचमाला एक नवा शार्प, आणि तो नेहमी नव्या निषादावर. म्हणून शेवटचा शार्प बघून अर्धा स्वर वर गेलं की सा सापडतो. फ्लॅटचं उलट: सा मध्यमावर न्यायचा, नवा फ्लॅट नव्या मध्यमावर येतो.

एफ मेजरचा म काळी पाचवर पडतो. भाचीने विचारलं, "मामा, याला ए शार्प का नाही म्हणायचं?" वहीत तसं लिहून पाहिलं. एच्या घरात दोन स्वर दाटीवाटीने, आणि बीची मधली ओळ रिकामी! सात स्वरांना सात अक्षरं, प्रत्येक एकदाच. म्हणून बी फ्लॅट. याच हिशोबाने आपली काळी एक सी शार्प म्हणून लिहिली तर सातही शार्प, डी फ्लॅट म्हणून लिहिली तर पाचच फ्लॅट. बोटांना दोन्ही सारखंच.

मायनरने मात्र पुष्कळ डोकं खाल्लं. सी मेजर आणि ए मायनर यांचं सिग्नेचर एकच, दोन्हींना काहीच नाही. बिलावलच्या धैवताला सा मानलं की आसावरी थाट (ग, ध, नि कोमल) मिळतो, तोच नॅचरल मायनर. मूर्च्छना (त्याच स्वरांतला दुसरा स्वर सा मानणं) ऐकून माहीत होती, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. हार्मोनिक मायनरमध्ये नि शुद्ध होतो, म्हणजे किरवाणी रागाचे स्वर; पण ए मायनरमधला तो जी शार्प सिग्नेचरमध्ये नसतो, वाटेत जिथे लागेल तिथे लिहितात. मेलोडिकमध्ये चढताना ध-नि शुद्ध, उतरताना कोमल. आरोह-अवरोह वेगळे असण्याची सवय असल्याने ते मला एका दमात समजलं. भाची मात्र वैतागली.

सर्कल ऑफ फिफ्थ्सचा (पंचमापंचमाने जाणाऱ्या स्केलांचा) तक्ता तिने भिंतीवर लावलाय. माझ्या मते आधी पेटीवर दोन-चार स्केल स्वतः शोधावीत, तक्ता नंतर. अनोळखी तुकडा समोर आला की तो मेजर की मायनर हे ओळखायला मी तिला दोनच गोष्टी बघायला सांगतो: शेवटचा स्वर कोणता, आणि मध्ये कुठे नि चढवलाय का.