पट्टी कुणाची?

शेवटचं पान उलटून मी उभी राहिले, तेव्हाच टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, सुरात खाली सरकायला लागला होता. सुरुवातीला केसभर, पाचव्या बारपर्यंत (बार म्हणजे गाण्यातलं मात्रांचं एक छोटं माप) जवळजवळ अर्धा स्वर. त्या जागी पियानो नऊ बार गप्प आहे, म्हणजे त्याला आधाराला काहीच नाही. दहाव्या बारला मला त्याच्याच स्वरात जाऊन मिसळायचं होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. लंडनमधलं एक चर्च, दुपारी एकचा कार्यक्रम, पन्नास मिनिटं, समोर ऐंशीएक माणसं, बहुतेकांच्या अंगावर कोट तसेच. मी गेली बावीस वर्षं इथं गायकांना पियानोची साथ करते. इंग्रजी आर्ट साँग म्हणजे एक कविता, एक गळा, एक पियानो, माइक नाही. माझा निम्मा वेळ सुरांपेक्षा शब्दांवर जातो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. इंग्रजीत ‘लाइट’ हा शब्द चार सेकंद धरायचा, तर ‘ला’मधला ‘आ’ धरायचा आणि ‘इट’ अगदी सुटता सुटता टेकवायचा. टेनरच्या गळ्याला ई-एफ या पाश्चात्त्य स्वरांच्या आसपास एक सांधा असतो, त्याच्यावर उघडा ‘आ’ लावला की आवाज पसरतो नाहीतर उतरतो, म्हणून तो थोडा ‘ऑ’कडे झुकवावा लागतो. मी हे सगळं प्रतीवर देवनागरीत लिहून ठेवते. माझ्या पेन्सिलीच्या खुणा बघून ‘मलाही ही लिपी शिकव’ म्हणणारे तिघेजण तरी मला भेटलेत.

त्या दिवशी पूर्वार्धात बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची, कवी थॉमस हार्डीच्या कवितांवरची १९५३ सालची गाणी होती. त्यातल्या रेल्वे स्टेशनच्या गाण्यात पियानोला चक्क एका पोराचं व्हायोलिन व्हावं लागतं. मला ते वाजवायला फार आवडतं. शेवटी एक कोरं गाणं होतं, पहिल्यांदाच गायलं जाणारं. संगीतकार बाई तिशीतल्या, तिसऱ्या रांगेत बसलेल्या.

गाण्याचा शेवट असा: टेनर एकटा, अगदी हळू, एफ शार्पवर ‘लाइट’ म्हणत थांबतो. मग मी उजव्या हातानं खर्जातली डीची पट्टी वाजवायची आणि डाव्या हाताचं बोट पियानोच्या आत, त्याच स्वराच्या तारांवर, एक पंचमांश लांबीवर हलकं टेकवायचं. बोट अचूक टेकलं तर डी विरघळतो आणि दोन सप्तकं वर एफ शार्प उमटतो, लांबच्या घंटेसारखा. पट्टीवरच्या एफ शार्पपेक्षा तो किंचित उतरलेला असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर १४ भाग खाली.

पहिल्या तालमीला तो स्वर उमटला आणि मी वाजवायची थांबलेच. हा तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार! माझं बालपण मिरजेत गेलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात रात्रभर गाणं चालायचं. आजी मला मांडीवर झोपवायची आणि कुणी तंबोरे लावायला घेतले की कानात सांगायची, ‘खर्जातून गंधार येतोय बघ.’ कुणी न छेडलेला तो स्वर मी लंडनमध्ये एका इंग्रज बाईच्या कागदावर पुन्हा ऐकत होते. बाईंना हे सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, हे अख्खं गाणं त्या एका स्वरासाठी लिहिलंय.

त्या स्वरासाठी किती खटपट! चर्चच्या व्यवस्थापकांनी तारांना हात लावायला आधी साफ नकार दिला. घामानं तारा गंजतात हे खरंच आहे, पण स्वच्छ धुतलेलं बोट चार सेकंद टेकलं म्हणून पियानो मरत नाही; हीटर बंद ठेवून ओलीत उभा ठेवला तर मात्र नक्की खराब होतो. तेवढं बोलून दाखवल्यावर परवानगी मिळाली. तारेवर खडू किंवा चिकटपट्टी लावायची नाही, म्हणून मी डॅम्परच्या, म्हणजे तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीच्या, माथ्यावर हिरवा ठिपका लावला आणि तिथून बोटानं अंतर पाठ केलं. नोटेशनचा स्टँड नेमका त्याच जागेवर येतो, म्हणून तो मागं सरकवून उभ्यानं वाजवायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टेनर आला तो सर्दीनं भरलेला. म्हणाला, ‘शेवटचं गाणं अर्धा स्वर खाली घेऊ या का?’ शूबर्टसारख्या जुन्या संगीतकाराची गाणी उंच, मध्यम, खालच्या आवाजासाठी छापील मिळतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इथं संगीतकार बाई नाही म्हणाल्या. डीची तार, तिची लांबी, तिचा रंग, हे सगळं डीचंच होतं. आणि मीही त्यांच्याच बाजूनं बोलले. त्याला म्हटलं, ‘तू गाशील रे.’ त्यानं मान हलवली.

आणि आता तो माझ्यासमोर अर्धा स्वर खाली उभा होता, डोळे मिटून, आपण कुठं आहोत याचा पत्ता नसलेला.

लिहिल्याप्रमाणे डी वाजवला असता तर ऐंशी माणसांसमोर तो बेसूर ठरला असता. माझा उजवा हात सी शार्पवर, म्हणजे डीच्या अर्धा स्वर खाली, गेला. मी ठरवून नेला, असं म्हणता येणार नाही. आमच्याकडे गायकाची पट्टी काळी दोन म्हटली की पेटीवाला काळी दोनमध्येच वाजवतो, आपली पट्टी गायकावर लादत नाही. डावं बोट शेजारच्या तारांवर नेलं, पण तिथलं अंतर मी पाठ केलं नव्हतं. बोट चुकलं. घंटा वाजलीच नाही, नुसता एक बोदा ठोका आला. पुढचे सहा बार मी अर्धा स्वर खाली वाजवत गेले आणि त्याचा आवाज माझ्या सुरांत अलगद येऊन बसला.

टाळ्या भरपूर झाल्या. संगीतकार बाई भेटायला आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तू का केलंस ते कळलं. पण गाणं आज झालं नाही.’ टेनरला काहीच कळलं नव्हतं. त्याला दोन दिवसांनी रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. त्याचा फोन आला, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सकाळी मी मागितलं तेव्हा तू दिलं नाहीस. आणि दिलंस तेव्हा मला न विचारता.’

दोघांचंही खरं आहे. सकाळी मी त्याची बाजू घेतली असती तर सी शार्पच्या तारांवरचं अंतर पाठ करायला चार तास होते. घंटा वाजली असती, फक्त अर्धा स्वर खाली. ती त्या बाईंची घंटा ठरली असती का, ते त्यांनाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला माझा डीचा गंधार सोडवत नव्हता.

येत्या गुरुवारी तेच गाणं पुन्हा आहे, दुसऱ्या हॉलमध्ये, दुसऱ्या पियानोवर. काल तिथं जाऊन डीच्या डॅम्परवर हिरवा ठिपका लावला. दुसरा ठिपका बोटावर घेऊन सी शार्पपाशी बराच वेळ उभी राहिले. मग तो तसाच पुन्हा कागदावर चिकटवून पर्समध्ये ठेवला. टेनरला आज संध्याकाळी फोन करणार आहे.