ट्रकचं बॉनेट गरम होतं

मे महिन्यात तीन आठवडे कोल्हापूरला होते. मंगळवार पेठेतल्या आत्याचा गुडघा बदलून दीड महिना झाला होता आणि रोज सकाळी दहाच्या सुमाराला एक फिजिओ पोरगा स्कूटरवरून तिच्याकडं यायचा. पहिल्याच दिवशी आत्यानं मला त्याच्यापुढं उभं केलं. "ही माझी भाची. ही बी अमेरिकेत लोकांच्या घरी जाऊन हेच करती." मग माझ्याकडं वळून, "तिथं घरात शिरताना चप्पल काढतीस का? आणि च्या घेतीस का न्हाई?"

चप्पल काढत नाही, चहा घेत नाही. दोन्ही उत्तरं तिला अजिबात आवडली नाहीत.

मी मिशिगनमध्ये होम हेल्थमध्ये काम करते. सकाळी गाडीत बॅग टाकायची, पाच-सहा घरं करायची. पेशंट बहुतेक पासष्टीच्या पुढचे, पैसे मेडिकेअर ही सरकारी योजना देते, पेशंटच्या खिशाला या भेटींची झळ लागत नाही. बूट काढत नाही, कारण पेशंट पडायला लागला तर मोज्यांवर सावरणार कसं? कुणाला बूट नकोच असतील तर वरून घालायची प्लॅस्टिकची खोळ गाडीत असते. बॅग जमिनीवर किंवा सोफ्यावर ठेवायची नाही, खाली कागद अंथरून ठेवायची, आणि हात स्वच्छ केल्याशिवाय तिच्यात घालायचा नाही. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात न्यायचे नाहीत, एवढंच. चहाचं मात्र नवीन असताना मला फार जड गेलं. ऐंशी वर्षांची बाई कप पुढं करते आणि आपण नको म्हणायचं! मंगळवार पेठेत असं केलं तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाहीत.

हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या अंगावर त्यांचा गाऊन असतो, पलंग त्यांचा, वेळ त्यांची. घरी सगळं उलटं. तिथं मी पाहुणी. पण पाहुणीला जे दिसतं ते हॉस्पिटलमध्ये कधी दिसत नाही. बाथरूमचं दार वॉकरपेक्षा दोन बोटं अरुंद आहे, गालिच्याचा कोपरा वर आलाय, गोळ्यांच्या डबीतला मंगळवार भरलेला आणि सोमवारही भरलेलाच. यासाठीच मला हे काम आवडतं. फक्त एकदा दिसलं की दिसलंच नाही असं म्हणता येत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. एक आजोबा, न्यूमोनियानं हॉस्पिटलात राहून घरी आलेले. पहिल्या भेटीत त्यांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला २१ सेकंद लागले. या चाचणीत १२ सेकंद किंवा जास्त लागले की पडण्याचा धोका धरतात. चार आठवडे छान गेले. त्यांचा कुत्रा बरोबर त्या तीन मीटरच्या मधोमध पसरायचा, त्याला उठवण्यातच निम्मा व्यायाम व्हायचा. एक दिवस मी थोडी लवकर पोचले. बाहेर बर्फ, आणि दारातल्या पिकअप ट्रकच्या बॉनेटवरचा बर्फ तेवढा वितळलेला. हात लावून बघितला. गरम. आजोबा घरात एकटेच, वॉकर कोपऱ्यात, टेबलावर हॉटेलातला कागदी कप. त्या दिवशी मोजले तर १० सेकंद.

आता यात वाईट काय? माणूस बरा झाला, मित्रांबरोबर नाश्ता करून आला. पण मेडिकेअर घरी सेवा देतं ते पेशंट 'होमबाउंड' असेल तरच. म्हणजे अंथरुणाला खिळलेला असायला हवा असं नाही. घराबाहेर जायला आधार लागतो, गेलं तर दमछाक होते, आणि तो क्वचित, थोड्या वेळासाठी बाहेर जातो, असं असलं पाहिजे. डॉक्टरकडं जाणं चालतं, चर्चला जाणं चालतं, केस कापायला जाणंही चालतं. (आत्या शुक्रवारी रिक्षानं अंबाबाईला जाऊन आली होती. "मी आपलं बाहेरनंच हात जोडून आलो," म्हणाली. आमच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मेडिकेअरच्या नियमात आत्या चोख बसली असती.) रोज सकाळी स्वतः ट्रक चालवत मित्रांकडं जाणारा माणूस त्या नियमात बसत नाही. आणि "हा होमबाउंड आहे" असं दर भेटीच्या नोंदीत मी लिहिते, खाली सही माझी.

मी लिहिलं ते जे दिसलं ते. डॉक्टरांना फोन केला, आजोबांना बाहेरच्या क्लिनिकमध्ये पाठवायचं ठरलं, घरची सेवा थांबण्याच्या दोन दिवस आधी द्यायची नोटीस दिली. आजोबा चिडले. "तूच म्हणालीस ना, चालत राहा म्हणून?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हा झाला पेशंटच्या बाजूचा पेच. कंपनीच्या बाजूचा जास्त चिवट आहे. मी या कामात आले तेव्हा साठ दिवसांच्या काळात थेरपीच्या किती भेटी झाल्या यावर कंपनीला मिळणारे पैसे वाढायचे. ६, १४ आणि २० हे मोठे टप्पे, मधे बारीक पायऱ्या. साहजिकच भेटी त्या टप्प्यांपाशी येऊन गोळा व्हायच्या. २०११ मध्ये अमेरिकन सिनेटच्या वित्त समितीनं यावर अहवालच काढला होता. तरी २०१९ मध्येही मला मेसेज यायचा, "१३ झाल्यात, अजून एक बसेल का?" १ जानेवारी २०२० पासून हिशेब बदलला. आता पैसे तीस दिवसांच्या तुकड्यानं मिळतात, पेशंटचं निदान, त्याची अवस्था, तो कुठून आला यावर. थेरपीच्या भेटींची संख्या त्यातून काढूनच टाकली. मग काय, ज्या बाईंना डिसेंबरात १४ भेटींची गरज होती, तशाच बाईंना जानेवारीत ५ पुरतील असं कॉम्प्युटर सांगायला लागला. गुडघा तोच, जिना तोच. आणि भेटी फारच कमी झाल्या तर कंपनीला तीस दिवसांचे पूर्ण पैसे मिळत नाहीत, म्हणून अधूनमधून "अजून एक" हा मेसेज परत येतोच.

किती भेटी लागतील हे ठरवायला मी साडेचार वर्षं शिकले, अमेरिकेत जाऊन परत परीक्षा दिली, लायसन्स घेतलं. ते ठरवणं मी सोडलेलं नाही. भांडण करत नाही, भांडणारे दमून नोकरी सोडतात. मी आकडे लिहिते. "पायऱ्या चढताना कठडा सोडता येत नाही, नवरा डायलिसिसला जातो तेव्हा घरात एकटी." असं लिहिलं की भेट कापणाऱ्याला त्याच्याखाली स्वतःचं नाव घालावं लागतं, आणि नाव घालायला फारसं कुणी तयार नसतं.

अजून एक समज फार पसरलेला आहे, माझ्या सहकाऱ्यांमध्येसुद्धा. पेशंटमध्ये सुधारणा थांबली की सेवा बंद. पार्किन्सनचा पेशंट सुधारणार कुठून? 'जिमो विरुद्ध सेबेलियस' या खटल्यातली तडजोड जानेवारी २०१३ मध्ये कोर्टानं मान्य केली, त्यात हे साफ झालं. प्रश्न सुधारणेचा नाही. आहे ते टिकवायला किंवा घसरण लांबवायला प्रशिक्षित माणसाचं कौशल्य लागतं का, हा प्रश्न आहे. तालमीतला म्हातारा वस्ताद रोज जोर-बैठका काढतो तो खासबागेत कुस्ती मारायला नव्हे. हे मी तिथं कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथं सांगून घेते.

बाकी कटकटी आहेतच. नवीन पेशंटच्या पहिल्या भेटीचे फॉर्म दोन-दोन तास खातात, पेशंटकडं बघायचं की टॅबलेटकडं कळत नाही, उरलेलं रात्री स्वयंपाकघरात बसून. पगार किती असं विचारणाऱ्या ज्युनिअर्सना एवढंच सांगते की भेटीमागं पैसे घेणार असाल तर पेशंटनं दार उघडलं नाही त्या दिवसाचं काय, हे आधी विचारा.

तर आत्याचा फिजिओ. दोन-चार दिवसांनी जाताना त्यानं मला जिन्याखाली गाठलं. "मॅडम, अजून किती दिवस यायचं? मला दर भेटीचे पैसे मिळतात, म्हणून मीच सांगणं बरं दिसत नाही. काकू तर सोडत नाहीत."

मला हसू आलं. इतकी वर्षं कुठल्या मॅनेजरनं हे इतकं सरळ बोललं नव्हतं.

परत वर गेलो. शिवणाच्या टेपनं सोप्यात तीन मीटर मोजले, खडूनं रेघ मारली, आत्याला खुर्चीत बसवलं. काठी घेऊन १५ सेकंद. मग तिला न सांगता उंबरा ओलांडायला लावला. तिथं ती थबकली, चौकट धरली, बरा पाय आधी टाकायचा की ऑपरेशनचा यात गोंधळली. पलंगावर झोपून रोज पाय उचलण्याचं काम संपलं होतं. उंबऱ्याचं आणि दारातल्या तीन दगडी पायऱ्यांचं सुरूच झालं नव्हतं. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, आणि व्यायाम घराबाहेर, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

"म्हंजे रोज न्हाई येणार?" आत्याचा चेहरा पडला. "बोलायला बरं हुतं की."

पोरगा लिहायला काहीतरी शोधत होता. त्याच्याकडं पेन होतं, कागद नव्हता. शेवटी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, आत्या दुधाचा हिशेब मांडते त्या चौकोनात, अर्धा लिटरच्या खाली त्यानं लिहिलं, '१५ से., काठी, उंबरा नाही'. आणि मी मागितली नव्हती तरी सही केली.