परभणीत राहून रशियन शिकताना

मृदाशास्त्राच्या, म्हणजे मातीच्या अभ्यासाच्या, विद्यार्थ्याला वासिली दोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाचं नाव पहिल्याच वर्षी भेटतं. परीक्षेत दोन मार्कांना येतं आणि नंतर विसरलं जातं. मी परभणीत हाच विषय शिकवतो, तरी त्याचं एक पानही मुळातून वाचलेलं नव्हतं. १८८३ मध्ये त्याने रशियाच्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला. माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नव्हे, हवामान, झाडोरा, उतार आणि काळ मिळून ती घडवतात, हे त्याने दाखवलं. आमचा सगळा जन्म काळ्या रानात गेलेला. रशियन शिकायला मला एवढं कारण पुरलं.

शिकायचं कुठं, हा प्रश्न होता. एका सहकाऱ्याने सांगितलं की मुंबईतल्या एका विद्यापीठाचं रशियन अभ्यास केंद्र आहे आणि त्याची काही व्याख्यानं ऑनलाइन, सगळ्यांसाठी खुली असतात. ना फॉर्म, ना फी. मी ऐकलेलं पहिलंच व्याख्यान निघालं १८९१ च्या रशियातल्या दुष्काळाचं. मला वाटलं होतं कविता-बिविता असेल.

व्होल्गाच्या काठचं पीक कसं गेलं, सरकारने सुरुवातीला दुष्काळ हा शब्दच कसा टाळला, टॉलस्टॉय र्‍याझान प्रांतातल्या बेगिचेव्का गावी जाऊन कसा राहिला आणि आसपासच्या गावांत दोनशेच्या आसपास अन्नछत्रं कशी उभी राहिली, हे सगळं वक्त्या सांगत होत्या. माझी माय शेजारी बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या बहात्तरसारखंच की. आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडीवर दिवस काढले." प्रश्नोत्तरांत मी हेच सांगितलं. त्यावर वक्त्यांनी मलाच उलट विचारायला सुरुवात केली: सुकडी कशाची असायची, मजुरी रोज मिळायची का, गुरांचं काय केलं? मायला फोनजवळ ओढावं लागलं. त्या दिवसाचं व्याख्यान बरंच लांबलं.

तिथंच दोकुचायेव पुन्हा भेटला. त्या दुष्काळानंतर, १८९२ मध्ये, त्याने स्टेपीच्या गवताळ प्रदेशावर पुस्तक काढलं आणि त्याची विक्री दुष्काळग्रस्तांसाठी दिली. त्याच वर्षी व्होरोनेझ प्रांतातल्या कामेन्नाया स्टेपीत वाऱ्याला अडवणाऱ्या झाडांचे पट्टे आणि तळी यांचा प्रयोग सुरू केला. ते पट्टे आजही उभे आहेत. आमच्याकडं पाणलोटाचा एक बंधारा दहा वर्षं टिकला तर आम्ही त्याचा सत्कार करतो.

मग मी केंद्राच्या रशियनच्या प्रमाणपत्र वर्गाला अर्ज केला. इथून कागदांचा खेळ. पदवी घेऊन वीस-एक वर्षं झालेली, म्हणून गॅप सर्टिफिकेट. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. तहसीलसमोर स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करताना टायपिस्टने विचारलं, "सर, एवढी वर्षं काय करत होतात, काय लिहू?" मी म्हटलं, नोकरी. एका कार्यालयात माझा अर्ज केवळ "रशियन" हा शब्द वाचून वरिष्ठांकडे गेला आणि तिथंच पडून राहिला. शेवटी मीच उचलून आणला. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी मायग्रेशन आधी काढून ठेवावं, बाकी कागद चार दिवसांत होतात.

वर्ग संध्याकाळी ऑनलाइन. लाइट गेली की मोबाईलच्या डेटावर. तेहतीस अक्षरं लवकर बसली. मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही. चाक, चूल, चोर यांतला च आणि चहा, चार यांतला च आपण न शिकता वेगळे काढतो. रशियनमध्ये या दोन्हींना सरळ दोन अक्षरं आहेत. वर्गातल्या हिंदी भाषकांची पहिल्यावर जीभ अडायची. तीन लिंगं? तो, ती, ते आपल्याकडं आहेतच. वर्तमानकाळात "आहे" नसतं म्हणून इंग्रजीतून विचार करणारे बावचळायचे. "हा माझा भाऊ" म्हणणाऱ्याला त्यात काय नवल? सहा विभक्त्यांनाही मी घाबरलो नाही, शाळेत आठ पाठ केल्या होत्या.

दमवलं ते जाण्याच्या क्रियापदांनी. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. एकदाच एका दिशेने जाणं वेगळं आणि नेहमी जाऊन-येऊन असणं वेगळं. परभणीहून मानवतला रोज एसटीने जाणारा आणि आत्ता एसटीत बसलेला, दोघांना दोन क्रियापदं. त्यावर मी अजूनही अडखळतो.

केंद्राची एक पद्धत मला फार आवडली: वर्गातल्या प्रत्येकाने वर्षात एकदा खुल्या कार्यक्रमात उभं राहायचं. बहुतेकांनी ६ जूनला, पुश्किनच्या जन्मदिनी, कविता म्हटल्या. मी दोन काळ्या मातींवर बोललो. रशियाची माती काळी ती शतकानुशतकं कुजलेल्या गवताने. आपली बेसॉल्टच्या झिजेतून आलेली चिकणमाती, पावसात फुगणारी, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. रंग एक, पण आपल्या कोरडवाहू रानांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, क्वचितच एक टक्का गाठतो. सुरुवातीची पाच मिनिटं रशियनमध्ये, पुढं मराठीत. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, कसा ओळखतात यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. रशियात शिकून आलेल्या एका बाईंनी तिथले शेतकरीही माती मुठीत दाबून बघतात असं सांगितलं आणि मला बरं वाटलं.

परीक्षेसाठी देवगिरी एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई. टॉर्फल ही परदेशी लोकांसाठीची रशियन भाषेची परीक्षा, तिची दुसरी पायरी, म्हणजे ए-टू. सुमारे १३०० शब्दांचा साठा आणि पाच भाग: व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात साधारण ६६ टक्के लागतात. ऐकण्याच्या भागात रेल्वे स्टेशनवरची घोषणा लागली होती. रात्रभर तेच ऐकत आलेलो असल्यामुळे असेल, तो भाग चांगला गेला. पास झालो.

दोकुचायेव मात्र ए-टूच्या भाषेत लिहीत नाही. एक परिच्छेद वाचायला एक संध्याकाळ जाते. पुढच्या पायरीला, बी-वनला, २३०० शब्द लागतात, तो अर्ज भरून झालाय. या वेळी गॅप सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. माय विचारत असते, पुढचं दुष्काळाचं व्याख्यान कधी आहे म्हणून.