तेलाचं विचारायचं राहिलं

तोक्योतल्या ताकादानोबाबा भागातल्या त्या गल्लीत सकाळी साडेदहालाच रांग लागलेली. विद्यापीठातली पोरं, दोन-तीन ऑफिसवाले आणि त्यांच्या मधोमध आमचे आबा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात मुलाचं जाडजूड जाकीट, आणि मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलेलं.

आबा कोल्हापूरचे. मिसळीचा धंदा तीन पिढ्यांचा, शिवाय मटणाची खानावळ. मुलाला पुण्यात, बाणेरला रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्सचं, दुकान टाकायचंय. आबांची अट एकच, "आधी मी बगून येतो." मी त्यांची दुभाषी. जपानी पुण्यात शिकले, गेली नऊ वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहते. एरवी माझं काम कारखान्यांतलं, मोल्ड नि तपासणीच्या बैठकांतलं. कोणी रामेनची दुकानं दाखवायला बोलावलं, ते पहिल्यांदाच. एजन्सीच्या कागदावर एक ओळ होती, 'पाहुणे डुकराचं मांस खात नाहीत. चिकन, मटण चालतं.' मी ती वाचली आणि पान उलटलं.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. रामेनमध्ये डुक्कर कुठं नसतं? रश्श्यात हाडं, वर चाशूचे, म्हणजे शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे काप, आणि कधी कधी वरून सोडलेली चरबी. रस्सा कोंबडीचा किंवा मासळीचा असला, तरी बाकी दोन ठिकाणांची खात्री नाही.

पहिल्या दुकानात आबांनी खाल्लंच नाही, नुसतं पाहिलं. दारातच कूपनचं मशीन. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. "हितं गल्ल्यावर माणूसच न्हाई!" हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी मशीनचे चारी बाजूंनी फोटो काढले. आत आठ खुर्च्या, एक मालक, एक पोऱ्या. आबांचं घड्याळ सुरू. माणूस बसला, खाल्लं, उठला: अकरा मिनिटं. पुढचा बारा. कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त नूडल्स ओढल्याचा आवाज. "ही माणसं जेवाय आल्यात का परीक्षेला?" आबांनी खणखणीत आवाजात विचारलं. पोऱ्यानं वर पाहिलं. मी मान खाली घालून माझी वाटी संपवली. सोया सॉसचा तपकिरी, पातळ, वर तेलाचे थेंब तरंगणारा रस्सा, जुन्या तोक्योच्या वळणाचा. १९१० साली आसाकुसात राइराइकेन हे रामेनचं दुकान उघडलं, तेव्हापासून या शहराला रामेनचं वेड आहे, हे मी आबांना रस्त्यावर सांगितलं. त्यांना ते साल नको होतं. "भाडं किती आसंल ह्या जागंचं?"

दुसरं दुकान हिगाशी-इकेबुकुरोत. मी मुद्दाम तिथंच नेलं, कारण यामागिशी काझुओंनी १९६१ साली आपलं ताइशोकेन याच भागात उघडलं आणि त्सुकेमेन गाजवलं. त्सुकेमेनमध्ये नूडल्स वेगळ्या, थंड, रस्सा वेगळा, घट्ट आणि गरम, बुडवून खायचं. आम्ही गेलो त्या दुकानाचा रस्सा डुकराची हाडं आणि सुकी मासळी एकत्र उकळलेला. वाटी समोर आली तशी आबा म्हणाले, "सुकट!" बरोबर होतं. निबोशी म्हणजे उकडून वाळवलेली बारीक मासळीच. पण नूडल्स वेगळ्या असल्यामुळे त्यांना त्या तरी चाखता येत होत्या. त्यांनी एकच उचलली, हुंगली, सावकाश चावली.

"ह्यात पापडखार हाय."

मी थक्क झाले. कान्सुई हा शब्द मी आदल्या रात्री वहीत लिहून ठेवला होता: सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं खारं पाणी. त्यानंच नूडल्सला तो पिवळेपणा आणि रबरी ताण येतो. माझी वही उघडायच्या आधी या माणसानं ते दातांनी ओळखलं.

तिसऱ्या दुकानापासून आबांचं जेवण सुरू झालं. तोरी पाइतान, म्हणजे कोंबडीची हाडं नि पंजे तासन्‌तास खळाखळा उकळून केलेला पांढराशुभ्र रस्सा. आधी मी पोऱ्याला विचारलं, "सूपमध्ये डुक्कर आहे का?" नाही. "चाशू नको, चालेल?" चालेल. आबांनी पहिला चमचा घेतला आणि ओठ एकमेकांवर दाबून पाहिले. चिकटले. "पाया सूप केलं की आसं हुतं. आमचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधानं पांढरा, ह्यो हाडानं." मग रिकामी वाटी पुढं केली. "रस्सा परत मागा."

रस्सा परत मिळत नाही. जादा नूडल्स मात्र मिळतात, थोडे पैसे भरून. आबा हसायलाच लागले. "उलटा कारभार! आमच्याकडं कट पायजे तेवढा घ्या, पाव मोजून." त्यांनीच त्याचं उत्तरही काढलं: इथं सगळा पैसा पातेल्यात आहे. हाडं, गॅस, रात्रपाळी. नूडल्स म्हणजे नुसता गहू. त्यात एका वाटीला हजार येनच्या वर द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं, ही इथल्या मालकांची जुनी तक्रार. पुण्यात उलट होईल, आबा म्हणाले. तिथं रस्सा परत न देणाऱ्या दुकानाची पाटी लोक महिन्यात उतरवतील.

चौथ्या दुकानाचा मालक दुपारची गर्दी ओसरल्यावर वीस मिनिटं बोलायला तयार झाला होता. मिठाचा, स्वच्छ, चहासारखा रस्सा. पाटीवर मोठ्या अक्षरात 'कोंबडी'. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, सूपमध्ये डुक्कर आहे का. नाही. आबांनी वाटी उचलून तळापर्यंत प्यायली. दिवसभरात पहिल्यांदा घड्याळ विसरले. "नाद खुळा," एवढंच म्हणाले.

मालक खुलला. वाटीच्या तळाशी घालतात तो 'तारे', म्हणजे चवीचा खारट अर्क, कसा करतो, ते सांगू लागला: शिंपल्या, कोंबू हे समुद्री शेवाळ, दोन प्रकारचं मीठ. आबांनी 'तारे' ऐकलं आणि म्हणाले, "तर्री व्हय? मग ती खाली कशाला, वर पायजे." वर असतं ते तेल, मी म्हटलं, आणि मालकाला तेलाचं विचारलं. तो अभिमानानं म्हणाला, कोंबडीचं तेल, आणि ते एकटं हलकं पडतं म्हणून थोडा 'रादो'.

रादो. लार्ड. डुकराची चरबी.

दुभाष्याकडे विचार करायला असतो तो वेळ, वहीवर खूण करण्यापुरता. मी 'तेल' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. वाटी रिकामी होती. न सांगितलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं. मालक खोटं बोलला नव्हता. मी सूपचं विचारलं, त्यानं सूपचं सांगितलं. चूक माझ्या प्रश्नात होती.

"आबा, वरच्या तेलात डुकराची चरबी आहे. मी आधी नीट विचारलं नाही."

त्यांनी चमचा वाटीत आडवा ठेवला. मालक माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहू लागला. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "त्येला इचारा, नुसतं कोंबडीचं तेल घातलं तर चवीला किती कमी पडंल?" मी विचारलं. मालकानं बोटांनी जेमतेम इंचभर अंतर दाखवलं. आबांनी मान हलवली, हात जोडले, बाहेर आले. कोपऱ्यावरच्या मशीनमधून पाण्याची बाटली घेऊन त्यांनी तीन वेळा चूळ भरली.

यामानोते लाइनमध्ये दोन स्टेशनं गेल्यावर त्यांनी विचारलं, "आन्‌ त्या पांढऱ्या रश्श्याच्या दुकानात?"

"तिथंही मी सूपचंच विचारलं होतं. तेलाचं माहीत नाही."

"हं." मग खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्या दिवसाचं मानधन घेणार नाही म्हटलं, तर मला गप्प केलं. "पगार कापून चव निगून जात न्हाई."

रात्री पाचव्या दुकानाऐवजी मी त्यांना तोक्यो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतानला नेलं. सगळं व्हीगन, म्हणून इथल्या शाकाहारी भारतीयांना तोंडपाठ असलेलं ठिकाण. तीळ आणि सोयाबीनच्या दुधाचा लालसर रस्सा. तिथं बसून मी वहीत पुढच्या वेळचे प्रश्न लिहिले: सूप, तारे, तेल, चाशूचं पाणी, अंडं कशात मुरवलंय. आबांनी वही ओढून घेतली, मला वाचायला लावलं आणि बोट ठेवून म्हणाले, "सहावा लिवा. झारा त्योच वापरत्यात का?"

मी लिहिलं. त्यांनी घड्याळ पुन्हा तळहातावर घेतलं आणि समोरच्या टेबलावरचा माणूस कधी उठतो ते बघू लागले.