काचा धुण्यासाठी लांब पोल घेताना : माझा अनुभव

जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच धुवायची तर पोल किती फुटी घ्यावा, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी तो शेवटी ठेवला. आधी पाणी तपासलं, मग ज्या इमारतींची कामं मिळणार होती त्या मोजल्या, मग पोल हातात धरून त्याचं वजन आणि वाक पाहिला. एवढं झाल्यावर फूट आपोआप ठरले. त्याच क्रमाने लिहितो, कारण दुकानात बहुतेक वेळा लांबी आणि किंमत यापलीकडे काही सांगितलं जात नाही.

हा पोल म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्या, प्रत्येक जोडावर एक क्लॅम्प, आतून जाणारा बारीक पाइप, टोकाला ब्रश आणि ब्रशवर दोन किंवा चार जेट, म्हणजे पाण्याची धार सोडणारी बारीक तोंडं. शुद्ध पाणी ब्रशमधून काचेवर पडतं, घासल्यावर मळ सुटतो, त्याच पाण्याने काच खंगाळली जाते आणि तशीच वाळू द्यायची. वायपर नाही, साबण नाही, फडकं नाही. म्हणजे सगळी मदार पाण्यावर. पाणी उडून जातं, त्यातले क्षार काचेवर राहतात आणि त्यांचेच पांढरे ठिपके दिसतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य असला तर उत्तम, दहाच्या आत चालतो. त्यापुढे गेला की काळसर रिफ्लेक्टिव्ह काचेवर ठिपके लगेच उठून दिसतात. आमच्या नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या नव्या शोरूमना नेमकी हीच काच असते.

नाशिक महापालिकेचं पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून येतं आणि बोअरच्या मानाने सौम्य असतं. बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून येतं, ते जड. पण बऱ्याच साइटवर पार्किंगमधला नळ नेमका बोअरचाच असतो. म्हणून टीडीएस मीटर खिशात हवाच, आणि कामाचा दर सांगण्याआधी तिथल्या नळाचा आकडा घ्यायचा.

त्या आकड्याचा थेट संबंध खर्चाशी आहे. २५ लिटर मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी, १०० टीडीएसच्या पाण्यावर अंदाजे सहा हजार लिटर शुद्ध पाणी देतं. पाणी ४०० टीडीएसचं असेल तर तेच रेझिन दीड हजार लिटरांत संपतं. ब्रशला मिनिटाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. दिवसात साडेचार-पाच तास प्रत्यक्ष घासणं झालं तर चारशे लिटर गेलेच. बोअरच्या पाण्यावर नुसतं रेझिन लावलं तर ते चार दिवसांत बसतं. म्हणून आधी सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन फिल्टर, मग आरओचं मेम्ब्रेन आणि सगळ्यात शेवटी रेझिन. मेम्ब्रेन नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार अडवतं, उरलेले रेझिन घेतं आणि ते कितीतरी पट जास्त टिकतं. कार्बन फिल्टर वगळायचा नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं. रेझिननंतरचा आकडा पाचच्या वर दिसला की ते बदलायचं, कारण तिथून पुढे तो झपाट्याने चढतो आणि अर्ध्या इमारतीवर ठिपके पडल्यावरच लक्षात येतं.

घरच्या आरओचं पाणी चालत नाही. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस मुद्दाम वर ठेवलेला असतो, आणि तासाला पंधरा लिटरच्या आसपास पाणी देणारं ते यंत्र या कामाला पुरतही नाही. मोठ्या आरओचं वाया जाणारं पाणी मात्र ड्रममध्ये धरून ठेवावं. पार्किंग आणि पायऱ्या धुवायला ते उत्तम, आणि उन्हाळ्यात सोसायटीवाले पाण्यावरून हरकत घेतात तेव्हा हाच ड्रम दाखवता येतो.

पंपाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो : गच्चीवरच्या टाकीचा नळ थेट पोलला जोडला की झालं. होत नाही. टाकीतून खाली येताना दर १० मीटरला एक बार दाब मिळतो, आणि पोलमधून वर जाताना तेवढाच खर्च होतो. ब्रश टाकीच्या उंचीजवळ गेला की जेटमधून थेंब थेंब यायला लागतं. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, बॅटरी आणि पाण्याची धार कमी-जास्त करणारा फ्लो कंट्रोलर एवढं हवंच. कंट्रोलर नसेल तर पंप सतत पूर्ण जोरात चालतो, पाणीही वाया आणि रेझिनही.

आता इमारत. सगळी मेख इथे आहे. परदेशातल्या व्हिडिओंत भिंत सपाट असते. आपल्याकडे खिडकीवर छज्जा असतो आणि पुष्कळ ठिकाणी बाहेर आलेली ग्रिल. ग्रिलच्या आतली काच या पोलने धुता येत नाही, ती आतूनच करावी लागते. अशी कामं मी या हिशेबात धरलीच नाहीत. उरल्या छज्ज्यांच्या इमारती आणि सपाट काचेच्या दर्शनी भिंती.

खाली पार्किंग आणि वर मजले, अशी आपल्याकडची नेहमीची इमारत घ्या. पार्किंग पावणेतीन मीटर, पुढे प्रत्येक मजला तीन मीटर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून साधारण ९.६५ मीटरवर, वरची १०.८५ मीटरवर. तिच्या खालच्या कडेपासून दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यापर्यंत अंतर सुमारे १.८ मीटर. बूड कमरेशी धरून पोल जमिनीशी ७५ अंशात ठेवला तर छज्ज्याच्या पातळीला पोल भिंतीपासून ४८ सेंटिमीटरवर असतो. छज्जा ४५ सेंटिमीटरचा असेल तर जेमतेम निभतं. ६० सेंटिमीटरचा असेल तर पोल छज्ज्यावर टेकतो आणि काचेचा खालचा पट्टा तसाच राहतो. वरचा भाग पोहोचतो, अडचण खालच्या भागाची असते, हे कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

मग मागे सरकायचं. ७० अंशात तोच पोल छज्ज्यापाशी ६५ सेंटिमीटर बाहेर असतो, म्हणजे मोकळा. पण त्यासाठी भिंतीपासून सव्वातीन मीटर मागे उभं राहावं लागतं, आणि वरच्या कडेला पोहोचायला पोल साडेदहा मीटर, म्हणजे ३५ फूट लागतो. इमारत आणि कंपाउंड यांच्यात तीन मीटरच जागा असली, त्यात गाड्या लावलेल्या असल्या, तर सव्वातीन मीटर मिळत नाहीत. अशा जागी ब्रशच्या आधी वाकडी मान बसवायची. तिने ब्रश फूट-दीड फूट आत जातो आणि पोल उभा ठेवता येतो. या मानेचं वजन अगदी टोकाला येतं, त्यामुळे ती कार्बनचीच घ्यावी.

मोजमापासाठी लेझर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर एका मजल्याचा जिना मोजा : पायरीची उंची गुणिले पायऱ्या. सोबत छज्जा किती बाहेर आहे आणि समोर मोकळी जागा किती आहे, हेही लिहून घ्या.

आता पोल कशाचा घ्यावा. ॲल्युमिनियम स्वस्त, पण २० फुटांच्या पुढे जड आणि पटकन वाकून बसणारं. फायबरग्लास दणकट, किंमत आवाक्यात. पण ३० फुटी पोल साडेतीन-चार किलोच्या पुढे जातो आणि टोकाला चांगलाच डुलतो. उन्हात वर्षं काढली की त्याच्या पृष्ठभागावरचे तंतू उघडे पडतात आणि हाताला खाज सुटते. हायब्रिड म्हणजे फायबरग्लास आणि कार्बनचं मिश्रण, मधला पर्याय. पूर्ण कार्बनचा ३० फुटी पोल दोन किलोच्या आसपास मिळतो, किंमत मात्र कित्येक पट.

कॅटलॉगमधलं वजन नुसत्या पोलचं असतं, हे विसरू नका. आतल्या १० मीटर पाइपचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम, त्यात भरलेलं पाणी दोनशे ग्रॅम, ब्रश तीनशे ते पाचशे ग्रॅम. किलोभर वजन वाढलं, आणि त्यातला ब्रश अगदी टोकाला. दिवसभर हे डोक्याच्या वर तोलायचं असतं. संध्याकाळी खांदे आणि मान उरायला हवी असेल तर पैसे इथे घालावेत. माझं ठाम मत आहे की २५ फुटांपर्यंत हायब्रिडवर भागतं. त्यापुढे रोजचं काम असेल तर कार्बनला पर्याय नाही.

पोल पाहायला जाताना दुकानदाराला मोकळी जागा मागायची, रस्ता चालेल, पण वर तार नको. पोल पूर्ण उघडून, ब्रश लावून ४५ अंशात धरायचा. किती वाकतो ते दिसतं. मग उभा करून दोन-दोन फूट वर-खाली असा घासल्यासारखा हलवायचा. खाली हात हलल्यावर टोक लगेच हललं पाहिजे. हात थांबल्यावरही टोक डुलत राहिलं तर तो पोल कोपरे नीट घासणार नाही. नंतर एकेक क्लॅम्प लावून नळ्या उलट-सुलट पिळून पाहायच्या. फिरता कामा नयेत. क्लॅम्पचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो का, क्लॅम्प आणि एकेक नळी सुटी मिळते का, हे विचारायचं. सुटी नळी मिळत नसेल तर तो पोल मी घेत नाही, कारण तडा नेहमी एखाद्याच नळीला जातो, तोही क्लॅम्पच्या तोंडाशी. नळी तिच्या शेवटच्या खुणेपलीकडे ओढली की आत धरायला फक्त दोन बोटं उरतात, सगळा वाक तिथेच येतो आणि ती चिरते. किमान एक वीत आत राहिलीच पाहिजे.

ब्रश नायलॉनचा, १० ते १४ इंच. रस्त्याची धूळ आणि धूर बसलेल्या काचेला थोडे मऊ, टोकाला फुटलेले केस बरे. पहिल्याच वेळी धुतल्या जाणाऱ्या, घट्ट मळ बसलेल्या काचेला डुकराच्या केसांचा ब्रश चांगला. त्याला वजन जास्त. ब्रश आणि पोलचा आटा एकच आहे ना, ते खरेदीच्या वेळी फिरवूनच पाहा. युरोपीय आणि अमेरिकन आटे वेगळे असतात, अडॅप्टर मिळतो, पण टोकाला आणखी वजन.

काम करताना आधी फ्रेम आणि रबराची पट्टी घासायची, मग काच, मग ब्रश उचलून वरून खाली खंगाळायचं. पाणी काचेवर पडद्यासारखं पसरत नसेल, थेंब थेंब होत असेल, तर ब्रश काचेला लावूनच खंगाळा. पहिल्यांदा धुतलेल्या खिडकीच्या फ्रेममधून नंतरही काळं पाणी ओघळतं. त्यामुळे पहिल्या कामाला दोनदा धुणं धरूनच दर सांगावा. लॉनवर बोअरच्या पाण्याचा फवारा उडून पडलेले जुने पांढरे डाग आणि सिमेंटचे थेंब या पद्धतीने निघत नाहीत, हे ग्राहकाला आधीच सांगावं.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. धुळीने ती बुजलेली असली की पाणी थेट घरात, पडद्यावर, गादीवर. वर जाऊन एकदा बघून घेणं, किंवा रहिवाशांना साफ करायला सांगणं, याला पर्याय नाही.

दोन धोक्यांत मात्र तडजोड नको. पहिला वीज. कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्ही वीजवाहक आहेत, आणि आत पाणी भरलेला फायबरग्लासही सुरक्षित धरू नये. जुन्या गल्ल्यांत महावितरणच्या उघड्या तारा खिडकीच्या उंचीवरून जातात. पोल कुठल्याही दिशेला आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर हवं. नसेल तर ती बाजू सोडायची. दुसरा आग्या मोहोळ. उंच छज्ज्यांखाली, विशेषतः गंगापूर धरणाच्या बाजूला आणि मळ्यांलगतच्या इमारतींवर, ती दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून प्रत्येक छज्ज्याची खालची बाजू पाहूनच पाइप जोडायचा.

पोल उघडताना आधी सगळ्यात बारीक नळी, मग पुढची, आणि प्रत्येक वेळी क्लॅम्प छातीच्या उंचीवर. मिटताना उलट क्रम, नळी हाताने धरून. सोडून दिली की बोटं सापडतात. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की ३० फुटांपुढे काम करायचं नाही.

लांबीचा निर्णय यातून झाला. वह्यांतली मापं पाहिली तर बहुतेक खिडक्या ३५ फुटांत बसत होत्या. मी ३५ फुटी कार्बन घेतला आणि त्याच्या बुडाला लागणाऱ्या दोन जादा नळ्या वेगळ्या. ५० फुटी एकच पोल घेतला असता तर दुसऱ्या मजल्यालाही तीच जाड, जड बुडाची नळी हातात राहिली असती. जाड नळ्या लागतील तेव्हाच जोडायच्या.

देखभाल थोडीच, पण रोजची. नाशिकची उन्हाळ्यातली बारीक धूळ दोन नळ्यांच्या मध्ये शिरली की ती आत-बाहेर करताना दोन्ही नळ्या घासून खाते आणि मग क्लॅम्प घट्ट बसत नाही. काम संपलं की नळ्या सुट्या करायच्या, स्वच्छ पाण्याने धुवायच्या, कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायच्या. क्लॅम्पवर तेल किंवा ग्रीस नको, धूळ चिकटते. घासलेल्या कार्बनच्या कडेला बारीक कुसळं निघतात, म्हणून हातमोजे घालूनच पुसायचं आणि अशी कड दिसली की पॉलिश पेपरने घासून पातळ इपॉक्सीचा हात द्यायचा. जेट बंद पडला तर आधी पाइपच्या जोडातला कचरा पाहा, सुई घालून भोक मोठं करू नका. एका जेटची धार बदलली की त्या बाजूची काच नीट खंगाळली जात नाही.