डावखुऱ्याचे डाग

दुपारी तीनचा सुमार. घरात मी एकटीच. वर्तमानपत्र हातातून छातीवर उतरलेलं, डोळे मिटत आलेले, आणि कोपऱ्यातला कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचा माझा उंच क्यूबन ढोल, आपण होऊन म्हणाला, ‘टक्क’.

भुताटकी नाही. हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसतं, चामडं चढतं आणि कुठला तरी जोड केसभर सरकतो. कारण मला पाठ आहे. तरी मी दरवेळी दचकते आणि मान वळवून “काय?” असं विचारते. पुढे तो काही बोलत नाही. झोप मात्र गेलेली असते.

मराठीत बोंगोशी यमक जुळावं म्हणून बरेच जण त्याला कोंगो म्हणतात. मी म्हणत नाही. ढोलाऐवजी नकाशा डोळ्यांपुढे येतो. खुद्द क्यूबात त्याचं नाव तुंबादोरा. कोंगा हे तिथल्या कार्निव्हलमधल्या मिरवणुकीच्या नाचगाण्याचं नाव, ते बाहेरच्यांनी वाद्याला चिकटवलं आणि ते चिकटून राहिलं. हे सगळं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मग कधीतरी वाचलं, की या ढोलाची मुळं शोधत गेलं तर आफ्रिकेतल्या कांगो खोऱ्यातून गुलाम म्हणून क्यूबात आणलेल्या माणसांच्या ढोलांपर्यंत जाता येतं. म्हणजे कोंगो म्हणणारे अगदीच चूक नव्हते. तेव्हापासून मी हा विषय काढत नाही.

माझा कोंगा जुना आहे. म्हणजे मी घेतला तेव्हाच जुना होता. ‘विंटेज’ हा शब्द मला सोसत नाही, कारण जाहिरातींनी त्याची पार रया घालवली आहे. आजोबांच्या वयाचा ढोल विंटेज, आणि चार वर्षांपूर्वी हौसेने घेऊन चार महिन्यांत अडगळीत गेलेला तोही विंटेज. त्या काळात मला जाहिराती वाचायचं व्यसनच लागलं होतं आणि त्यांची भाषाही कळू लागली होती. ‘नव्यासारखा’ म्हणजे रंग नवा, रंगाखाली काय आहे ते विचारू नका. ‘फारसा वापरलेला नाही’ म्हणजे गच्चीवर पडून होता. ‘किरकोळ काम निघेल’ हे वाचलं की मी पुढच्या जाहिरातीकडे वळत असे. आणि फोटोत ढोलावर हटकून एक कुंडी. वाजवणारा माणूस चामड्यावर कुंडी ठेवू देणार नाही, जीव गेला तरी. त्यामुळे कुंडी दिसली की समजायचं, या घरातलं वाजवणं संपलेलं आहे, आता बोलणी करायला हरकत नाही.

मी फोन केला त्या ढोलावरही कुंडीच होती.

मडकंसुद्धा लोक वाजवून घेतात. माझी अडचण अशी, की मला वाजवताच येत नव्हतं. अनोळखी माणसाच्या घरी जायचं, तो हाताची घडी घालून समोर उभा, आणि आपण त्याच्या ढोलावर पहिली थाप मारायची? त्यापेक्षा तपासणी बरी. तपासणी करणारा माणूस नेहमीच जाणकार दिसतो. मी टॉर्च आणि टेप घेऊन गेले.

टेपने तोंडाचा व्यास दोन दिशांनी मोजायचा. आकडे वेगळे आले तर तोंड लंबगोल झालेलं, नवं चामडं धड बसणार नाही. आजकालची ढोबळ मापं अशी: सगळ्यात लहान तो क्विंटो ११ इंच, मधला कोंगा ११.७५, मोठा तो तुंबा १२.५. जुन्यांमध्ये ज्याचं त्याचं माप, म्हणून चामडं धरणारं कडं एकदा मोडलं की जोडीला दुसरं मिळेलच असं नाही. हा मधला निघाला, दोन्हीकडून सारखा. मी “हं” म्हटलं. मग नखाने लाकूड खरवडलं, लोखंडी पट्टे हलवून पाहिले, नटांचे आटे गेलेत का ते पाहिलं. पुन्हा “हं”. तो गृहस्थ आता थोडा दबून उभा होता.

“दिवे बंद कराल का?” मी विचारलं.

“दिवे?”

“आणि पडदेही ओढून घ्या.”

त्याने माझ्याकडे, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्याची बायको येऊन उभी राहिली होती. पण पडदे ओढले. मी ढोल आडवा केला, तळाच्या तोंडातून पेटता टॉर्च आत सरकवला आणि जमिनीवर बसून त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरू लागले. कोंग्याचा देह म्हणजे पिंपासारख्या उभ्या फळ्या एकमेकींना डिंकवून केलेला. जोड सुटला असेल तर अंधारात तिथून उजेडाची रेघ दिसते. एक दिसली. तळापासून वीतभर, केसाएवढी. भावात उपयोगी पडेल म्हणून मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग वरच्या बाजूला आले आणि भाव वगैरे विसरले. आतल्या उजेडाने चामडं पेटलं होतं. खऱ्या चामड्याचं असंच होतं, उजेड त्यातून गाळून येतो, मधासारखा. जनावराच्या पाठीच्या कण्याची फिकट रेघ अख्ख्या गोलातून गेलेली. बारीक शिरांची नक्षी. आणि त्यावर दोन काळपट डाग. एक कडेला धरून, अर्ध्या चंद्रकोरीसारखा. दुसरा लांबट, कडेपासून निघून मध्याकडे गेलेला. कुणाच्या तरी हातांचा घाम आणि तेल, किती वर्षांचं कोण जाणे. खोलीत आम्ही तिघंही काही वेळ गप्प होतो.

“तुमचे?” मी विचारलं.

“छे! माझ्याकडेही असाच आला. तुम्ही वाजवता?”

“शिकणार आहे.”

“मीही तेच म्हणालो होतो,” तो म्हणाला आणि दिवा लावला.

पुढच्या बाजूला, जिथे बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी असते, तिथे दोन बारीक छिद्रं आणि लाकडाचा एक न काळवंडलेला चौकोन होता. पट्टी गेलेली. जाणकार लोक पट्टीवरून वय काढतात. एल्‌पी, म्हणजे लॅटिन पर्कशन, या अमेरिकन कंपनीचा ढोल असेल आणि पट्टीवर गाव पॅलिसेड्स पार्क असेल तर तो जुना, गारफिल्ड असेल तर त्यानंतरचा. ही कंपनी निघाली तीसुद्धा नाइलाजाने. अमेरिकेने १९६२ साली क्यूबाशी व्यापार तोडला, तिथून येणारी वाद्यं थांबली, आणि मार्टिन कोहेन नावाचा एक इंजिनिअर ती स्वतःच बनवायच्या नादाला लागला. १९६४ साली त्याची कंपनी उभी राहिली. दोन सरकारांच्या भांडणात आपल्याला बोंगो मिळत नाहीत, एवढ्या एका तक्रारीवर माणसाने आयुष्य काढावं हे मला फार आवडतं. लॉस एंजेलिसची गॉन बॉप्स कंपनी त्याच्याही आधीची, १९५४ ची. माझा ढोल यांच्यापैकी कुणाचा? चौकोन काही सांगत नाही. पट्टी असती तर तो मला मिळालाही नसता.

माझ्या ढोलाला निदान नट आहेत. त्याआधीच्या ढोलांचं चामडं खिळ्यांनी ठोकलेलं असे. दमट हवेत ते उतरलं की चढवायला एकच उपाय, जाळ. क्यूबात कार्निव्हलच्या आधी रस्त्याच्या कडेला कागद पेटवून ढोल शेकत. स्वर लागेपर्यंत शेकायचं, वाजवत सुटायचं, उतरला की पुन्हा जाळ. क्यूबाचा ढोलवादक चानो पोझो १९४७ साली अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये बसला आणि जाझला हा ढोल कळला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्याला कुणी तरी गोळ्या घालून मारलं. त्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना थापेआधीची ऊब ऐकू येते असं मला वाटतं. अर्थात हे माझं वाटणं. नवऱ्याला खरखर ऐकू येते.

मी शेकत बसत नाही. पाना घेते आणि वाजवून झालं की सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळते. सतत ताणलेल्या चामड्याने जुने जोड उघडतात हे खरं आहे. पण वाजवणं दहा मिनिटं आणि नट वीस मिनिटं, हे प्रमाण काही फारसं बरोबर नाही, हेही मला कळतं. नवरा म्हणतो, “अगं, तुला ढोल हवा होता की सायकल?”

सांगत होते डागांचं.

लहानपणी मला नवी पुस्तकं कधी मिळाली नाहीत. थोरल्या बहिणीची, नाहीतर तिच्या मैत्रिणीची, ती जुनी झाली की माझी. पहिल्या पानावर आधीची दोन नावं खोडलेली, खाली माझं. आत पेन्सिलीने भरलेल्या गाळलेल्या जागा. मला त्या खोडायला सांगत, मी खोडत नसे. खोडून पुन्हा तेच लिहायचं कशाला? असं माझं म्हणणं. गणिताच्या एका पुस्तकात अपूर्णांकांचा अख्खा धडा सोडवलेला होता, अक्षर मोत्यासारखं. मी वर्षभर तीच उत्तरं वहीत उतरवली. ती चुकीची होती. सगळी नाही, पण छेद सारखे करताना जी एक चूक ती मुलगी करत असे, ती माझ्यात अशी मुरली की आजही बेरीज करताना हात आधी तिकडेच जातो. अक्षर चांगलं असलं की माणूस फसतो. ती मुलगी कोण होती मला माहीत नाही. तिची चूक मात्र माझ्याकडे आहे, व्यवस्थित.

तर ढोल घरी आला. वीतभर चिरेत डिंक भरून, पट्टे आवळून झाले. शिकवणारं कुणी लगेच सापडेना, तेव्हा मी डागांवर हात ठेवून बघितले. तळवे असे काही बसले, की मला वाटलं, हाच गुरू. चंद्रकोरीवर डावा पंजा, लांबट डागावर उजवा. मनगटाची गादी, मग बोटं, गादी, बोटं, असा उजवा हात झुलवायचा आणि डाव्याने कडेवर मोकळी थाप. पहिल्या आठवड्यात हात सुजले, कारण जुन्या कड्याची धार चांगली चौकोनी असते. पण मी नेटाने वाजवत राहिले. चार महिन्यांत तुंबाव, म्हणजे कोंग्याचा मूळ ठेका, बऱ्यापैकी चालू लागला. चालू लागला असं मला तरी वाटत होतं.

मग सर मिळाले. पहिल्या दिवशी मी वाजवून दाखवलं. ते ऐकत होते कमी, हातांकडे बघत होते जास्त.

“तुम्ही डावखुऱ्या का?”

“नाही.”

“मग उलटं का वाजवता?”

झुलता हात डावा असतो. उजवा कडेवर. उजव्या हाताने लिहिणारी बहुतेक माणसं तसंच वाजवतात. मी चार महिने कुणा डावखुऱ्या माणसाच्या हातांत माझे हात घालून बसले होते. घरी येऊन मी ढोल जागच्या जागी फिरवून पाहिला, तीनदा. गोल वस्तू कितीही फिरवली तरी तिचं डावं ते उजवं होत नाही हे पुन्हा वेगळं कळायची गरज नव्हती.

आता सुलट वाजवते. सरांच्या समोर तरी. घरी, बोलता बोलता, लक्ष नसताना हात सुरू झाले की उजवाच झुलतो. तो हात सुटा आहे, घरंदाज आहे, माझ्या सुलट हातांना तो अजून आलेला नाही. सर म्हणाले, “चामडं बदलून टाका, डाग गेले की सवय जाईल.” बरोबर आहे. जुनं चामडं तसंही कडेला पातळ झालंय, केव्हातरी फाटणारच. मी नवं आणलं, मापाचं, पांढरं स्वच्छ. वर बोटाचा ठसासुद्धा नाही.

कपाटाच्या मागे आहे ते, कागदात गुंडाळलेलं. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. हवा जरा कोरडी झाली की बसवू, असं ठरलं होतं.

आज कोरडी आहे. त्यानेच तर ‘टक्क’ म्हटलं. मी उठले, पाना घेतला, नट तपासले, आणि बसलेच आहे तर म्हणून थोडं वाजवलं. उलटं.