आत्याकडे गुहागरला, जुन्या हिमालयनवर

दिवाळीत आत्याचा फोन आला, "येते येते म्हणतेस गो, पण येतेस कधी?" तेव्हा माझी गाडी पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात पुढचं चाक काढून उभी होती. मी तिथूनच सांगून टाकलं, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघते आणि गाडीवर येते. आत्याला वाटलं चारचाकी. मीही खुलासा केला नाही.

गाडी म्हणजे रॉयल एन्फिल्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीवाली. २०१९ चं मॉडेल, ३१ हजार किलोमीटर झालेली. सेकंडहँड १ लाख १५ हजारांना घेतली, फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नावावर करून घेतली. २०२३ च्या शेवटी नवी ४५० सीसीची हिमालयन आली, तिची किंमत अडीच लाखांच्या पुढे. नवी मी चालवून पाहिली आहे, सुंदर गाडी आहे. पण माझ्या पगारात ती हप्त्यावरच आली असती, आणि हप्ता भरणाऱ्यांची गाडी पार्किंगमध्येच जास्त दिसते हे मी जवळून पाहिलंय. मला फिरायचं होतं.

४११ ला लोक नावं ठेवतात की जोर कमी. कागदावर २४ बीएचपीच्या आसपास, खरं आहे. पण तिचा ३२ न्यूटन मीटरचा ओढा, म्हणजे टॉर्क, इंजिनच्या मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे चढावर ती तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढत राहते. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची. ताशी सत्तर-ऐंशीला ती खूश असते, मीही.

गाडीवर खर्च करायला २० हजार बाजूला काढले होते. ते कुठे घालायचे याचा नियम आधीच ठरवला: पैसा आधी तिथे जाईल जिथे गाडी रस्त्याला टेकते, मग तिथे जिथे मी गाडीला टेकते. बाकी सगळं नंतर.

पहिल्याच दिवशी मी गॅरेजवाल्या मामांना म्हटलं, "मामा, सरळ जाताना हँडल मध्येच अडकल्यासारखं वाटतं. वळण संपलं की सरळ व्हायला नको म्हणतं."

मामांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. "ताई, डोळे मिटा आन् हँडल एका बोटानं फिरवा." फिरवलं. डावीकडून उजवीकडे जाताना बरोबर मध्यावर एक बारीकसा 'टक्' बोटाला लागला, जणू हँडलला तिथे घर करून बसायचं होतं. "कोनसेट," मामा म्हणाले. म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. "खड्ड्यांत आपटून आपटून गोळ्यांनी वाटीला खळगे पाडलेत. हे कुणाला दिसत नाय, हाताला कळतं." जुना कोनसेट काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. वाटीच्या कडेनं मोजून ठेवल्यासारखे बारके खळगे, नखानं चाचपता येतील असे. नवा कोनसेट, ग्रीस आणि मजुरी धरून १८०० रुपये लागले. मी गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत मोलाचा.

मग टायर. दोन्ही बदलले, पुढचा २८०० ला, मागचा ३९०० ला. जुन्यांवर नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बाजूला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. नक्षी बघून टायर ठरवू नका. चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, यांचा सेट ४२०० ला पडला. स्प्रॉकेटचे दाते टोकदार होऊन एका अंगाला झुकले होते, आणि अशा दात्यांवर नुसती नवी चेन चढवली तर तीही लवकर खराब होते, म्हणून सेटच बदलायचा. दोन्ही ब्रेकचे पॅड आणि डॉट-४ ब्रेक ऑइल ११०० ला. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि उतारावर ब्रेक तापला की नेमका दगा देतं, तरी लोक वर्षानुवर्षं ते बदलत नाहीत. पुढच्या फोर्कचं, म्हणजे चाकाला धरणाऱ्या शॉकच्या दोन नळ्यांचं, ऑइल आणि सील १७०० ला. हे झाल्यावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली आपटायचं बंद झालं.

माझी उंची पाच फूट तीन इंच आणि सीट ८०० मिलिमीटरवर. सिग्नलला फक्त चवडे टेकायचे. सीटवाल्यानं कव्हर उसवून पुढचा फोम दोन्ही मांड्यांच्या बाजूंनी तासला, मधली घसरण काढून बसायची जागा सपाट केली, वर घट्ट फोमचा थर दिला. १४०० रुपये. मी मुद्दाम समोर बसले, कारण तासलेला फोम परत येत नाही. त्यानं दोनदा मला बसवून पाहिलं, तिसऱ्यांदा तासल्यावर टाचांचा निम्मा भाग टेकला तेव्हा थांबवलं.

काही गोष्टी फुकटच झाल्या. हँडलचे चार बोल्ट सैल करून ते किंचित माझ्याकडे फिरवलं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली केले, म्हणजे बोटं ठेवली की कोपरापासून मनगटापर्यंत हात एका रेषेत येतो. गिअरचा लिव्हर बुटाच्या मापाला आणला. हे झाल्यावर गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहायचं. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय असं समजा आणि तसेच निघू नका.

सायलेन्सर मात्र मी कंपनीचाच ठेवला. गॅरेजात रोज कुणीतरी सुचवायचं. पण ते बेकायदा आहे, पोलिस पकडतात आणि ढिगानं रोलरखाली घालतात. शिवाय पहाटे गावातून जाताना कुणाचं लेकरू दचकून उठावं असा आवाज मला नकोच होता. त्याऐवजी ७०० रुपयांत हेडलाइटला वेगळी वायर आणि रिले बसवून घेतला. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचा. आता त्याला बॅटरीतून थेट वीज मिळते, मध्ये स्विचच्या बारीक वायरीत ती अडत नाही. उरलेल्यातले १६०० जादा ट्यूब, टायर काढायचे टॉमी आणि छोटा पंप यांवर गेले. एकूण १९ हजार २००.

शनिवारी पहाटे पाचला निघाले. मुळशीच्या पुढे काळोख आणि धुकं एकत्र होतं, आणि त्या रिलेचे पैसे पहिल्या दीड तासातच वसूल झाले. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा वळणापर्यंत सलग दिसत होता. उजव्या अंगाला धरणाचं पाणी असणार हे माहीत होतं, दिसत नव्हतं. या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठीच १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तिथूनच सेनापती झाले. मी या रस्त्यानं जाते तेव्हा तिथे वेग आपोआप कमी होतो.

ताम्हिणीच्या उतारावर उजाडलं. एक वळण उजवीकडे, लगेच एक डावीकडे, आणि हँडलचा तो 'टक्' कुठेच नाही. मी बघेन तिकडे गाडी जात होती. दुसऱ्याच वळणाला माझे खांदे खाली आले. इतके महिने ते वर ओढून मी गाडी चालवत होते हे मला तेव्हा कळलं.

माणगावला मिसळ खाल्ली. म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत साडेदहाला बागमांडल्याच्या जेटीवर. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेसवी, फेरीबोट नसती तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मोठा वळसा पडला असता. बोटीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करायची आणि तिच्याजवळच थांबायचं. खाडीच्या मुखाशी बोट हलते आणि साइड स्टँडवरची गाडी तेवढ्यानं पडू शकते.

वेसवी सोडून केळशीकडे निघाले. भात कापून झालेलं, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या, मध्येच एखाद्या कलमाला लवकर आलेला मोहोर. अशा रस्त्यावर चाळीसच्या वर जायची इच्छाच होत नाही. आणि तिथेच मागचं चाक लडबडायला लागलं.

हिमालयनला ट्यूबचे टायर. मला याचीच धास्ती होती, म्हणून घरी पार्किंगमध्ये दोनदा सराव केला होता. सावली बघून गाडी डबल स्टँडवर घेतली, एक्सलचा नट सोडला, चाक पुढे ढकलून चेन स्प्रॉकेटवरून उतरवली, चाक बाहेर. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक आजोबा थांबले. भारा खाली ठेवला आणि काही न विचारता चाकाची दुसरी बाजू दाबून धरली.

यात युक्ती एकच आहे. टॉमी जिथे घालणार त्याच्या बरोबर समोरची टायरची कड पायानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची. मग इकडची कड सैल पडते. हे केलं नाही तर पैलवानालाही टायर निघत नाही, आणि केलं तर माझ्यासारखीच्या हातांनी निघतो. ट्यूब काढली. नवी घालायच्या आधी टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवली. आजोबा म्हणाले, "हळू गो, बोट फाडून घेशील." तळाशी तो होता, बोटाच्या पेराएवढा गंजका खिळा, होडीच्या कामातला असावा. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली असती.

पाऊण तास गेला. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. बॅगेतली चिक्की मात्र नातवंडांसाठी घेतली आणि भारा परत डोक्यावर द्यायला मला हात लावायला सांगितला. तो भारा माझ्या अंदाजापेक्षा बराच जड होता.

केळशीला पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब जोडून घेतली, म्हणजे बॅगेत पुन्हा जादा ट्यूब आली. तिथल्या वाळूच्या टेकडीकडे पायी गेले. गाडी किनाऱ्यावर घालायची नाही हे माझं पक्कं आहे. खारं पाणी चेन, स्पोक, ब्रेकची डिस्क सगळं खातं, आणि या पट्ट्यात कासवं अंडी घालायला येतात. मुक्काम आंजर्ल्याला.

दुसऱ्या दिवशी हर्णै, दापोली, दाभोळ. दाभोळहून फेरीबोटीनं वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरले आणि दुपारी आत्याच्या अंगणात. आत्या ओटीवरून उठून आली. गाडीकडे, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे बघत राहिली. "ह्यावर आलीस? पुण्याहून? एकटी?" मी तिन्हींना हो म्हटलं. तिनं आधी टाकीवरून हात फिरवला, मग माझ्या गालावरून. मग कुळथाचं पिठलं आणि गरम भात.

चार वाजता स्वतःच म्हणाली, "वेळणेश्वरला नेशील काय गो मला? चार वर्षं झाली गेलेय त्याला."

आत्या बाहत्तर वर्षांची. पूर्वी काकांच्या स्कूटरवर सगळं कोकण हिंडलेली, पण त्याला आता बरीच वर्षं लोटली. शेजारच्या मुलाचं हेल्मेट आणलं. गाडीच्या हत्यारांतला पाना घेऊन मी मागचं शॉक दोन खाचा कडक केलं, कारण दोघींच्या वजनानं मागची बाजू बसली की हेडलाइट आकाशात जातो आणि पुढचं चाक हलकं होतं. टायरची हवाही थोडी वाढवली. आत्या ओटीच्या पायरीवरून मागे बसली, काष्टा घातलेलाच होता. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. "जा आता."

वीसेक किलोमीटरचा चढ-उताराचा रस्ता. मी गिअर इतके हळू बदलत होते की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला एकदाही लागलं नाही. पालशेत गेलं तशी ती बोलायला लागली, इथे हा राहायचा, ही वाडी त्यांची, ह्या वळणावर काकांची स्कूटर बंद पडली होती आणि दोघं चालत गेली होती. शेवटच्या उतारावर नारळांच्या शेंड्यांमधून समुद्र दिसला, तेव्हा तिनं माझे खांदे घट्ट धरले. मला वाटलं घाबरली. मी वेग कमी केला तर म्हणाली, "थांबू नकोस, बघतेय मी."

दर्शन झाल्यावर ती किनाऱ्यावर बसली आणि मी काळोख पडायच्या आत निघायची घाई करत राहिले. ती उठायला तयार नव्हती. शेवटी काळोखातच परत आलो, आणि शॉक कडक केल्यामुळे उजेड रस्त्यावरच राहिला.

सोमवारी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करत पुण्याला. सगळे मिळून साडेसहाशे किलोमीटर, वीस लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे एकवीसशे रुपये. घाटात एकदाच थांबले, डिस्क निवायला आणि आत्यानं दिलेली कोकमं बॅगेत नीट बसवायला.

मंगळवारी संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर घेतली. डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं चेन घासली, फडक्यानं कोरडी केली, मग ९० नंबरचं गिअर ऑइल कडीकडीवर थेंब थेंब सोडलं. महागड्या स्प्रेइतकंच काम करतं, फक्त वरचं ऑइल पुसून घ्यायला हवं. फडक्यावर जांभ्याची लाल माती उतरली. चेन अर्धी झाली होती तेवढ्यात फोन वाजला, आत्याचा. तेलकट हातानंच उचलला.

"ऐक गो," ती म्हणाली, "हेदवीचा गणपती राहिला आपला. ते हेल्मेट मी परत दिलेलं नाही."